घरच्या संगणकाची नाडीपरीक्षा

दिवाळीच्या साफसफाईत घरातल्या कोणत्या वस्तूला हात लागत नाही, असे कोणी विचारले तर मी बेधडक सांगेन : टेबलाखालचा संगणकाचा खोका. डबे उतरतात, माळ्यावरची पितळी भांडी खाली येऊन चिंचेने घासली जातात, पंख्याची पातीदेखील पुसली जातात. पण त्या खोक्यासमोर गृहिणी फडके घेऊन थबकते. 'नको बाई, काही झालं तर?' असे म्हणून ती वरवर एक हात फिरवते आणि पुढे जाते. आतली धूळ वर्षानुवर्षे तशीच राहते. आणि आमच्या बीडसारख्या गावात ती थोडीथोडकी नसते. उन्हाळ्याचा वारा आहे, काळ्या मातीचा फुफाटा आहे, आणि जुन्या पेठेत माळवदाच्या घरात राहणारांना वरून झिरपणारी माती तर बारा महिने आहे.

एका दिवाळीत, वसुबारसेच्या आदल्या दिवशी, त्या धुळीने आपला हिशेब मागितला. संगणक चालू केला की दोन-तीन मिनिटे चाले आणि एकाएकी बंद पडे. माणसाचा स्वभाव असा की बंद पडलेली वस्तू तो पुन्हा चालू करून पाहतो. मीही पाच-सहा वेळा केली. मग तर विंडोजचे चित्रही येईना. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांच्या दोन ओळी उमटत आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. अखेर एका दुरुस्तीवाल्याला बोलावले. त्याने खोका न उघडता दोनदा बटन दाबले, मान हलवली आणि निदान सांगितले, "विंडोज उडालंय. फॉरमॅट मारावं लागंल. सी ड्राइव्हचं सगळं जाईल बघा, बाकीचं राहील."

मी 'मारा' म्हणणार, एवढ्यात स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, "अरे, अण्णांचं सगळं त्यातच आहे ना?"

आमचे अण्णा शाळामास्तर होते. निजामाच्या राज्यात ते उर्दूतून शिकले. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात आले तेव्हा ते चौदा वर्षांचे होते. हाली रुपया आणि कलदार रुपया यांचा हिशेब ते म्हातारपणीही तोंडी करून दाखवीत. शाळेच्या कार्यालयातल्या टाइपरायटरवर मराठी टंकलेखन शिकलेले असल्यामुळे २००९ साली घरात संगणक आला तेव्हा, वयाच्या पंचाहत्तरीत, ते न डगमगता त्याच्यापुढे बसले आणि रोज सकाळी थोडे थोडे करून आपल्या आठवणी लिहू लागले. पाच वर्षांनी ते गेले. त्या आठवणींची कागदावर एकही प्रत नव्हती. आम्ही सारे म्हणत होतो, छापून घेऊ एकदा. असे 'एकदा' प्रत्येक घरात असतात.

आणि अण्णांनी ते ठेवले होते कोठे? तर डोळ्यांसमोर दिसावे म्हणून डेस्कटॉपवर. येथे पुष्कळांची गफलत होते. पडद्यावर समोर दिसणारा डेस्कटॉप हा टेबलासारखा वेगळा नसतो. तो सी ड्राइव्हच्या पोटातलाच एक कप्पा आहे. 'डॉक्युमेंट्स' नावाचा कप्पाही बहुधा तेथेच असतो. सी ड्राइव्ह पुसला म्हणजे हे दोन्ही पुसले गेले. दुरुस्तीवाला खोटे बोलत नव्हता. पण 'सी मध्ये तुमचे काय काय आहे?' हा प्रश्न त्याने विचारला नव्हता, आणि आम्हालाही तो सुचला नव्हता. मी त्याला चहा पाजला, त्याची फी दिली, आणि दिवाळीनंतर या म्हणून सांगितले.

दुसऱ्या दिवशी अंबाजोगाईहून माझी भाची आली. ती काही अभियंता नाही, बी. एस्सी.ला आहे, पण तिच्या अंगी एक मोठा गुण आहे. ती घाई करीत नाही. तिने सगळी हकीकत ऐकून घेतली आणि विचारले, "मामा, विंडोज बिघडलं म्हणून तो बंद पडतोय, का तो बंद पडतोय म्हणून विंडोज बिघडलं?"

या एका प्रश्नात संगणकाच्या दुरुस्तीचे निम्मे शास्त्र आले. संगणकाचे दुखणे दोन जातींचे. एक शरीराचे, म्हणजे तारा, पंखे, वीज, पट्ट्या यांचे. दुसरे डोक्याचे, म्हणजे त्यात भरलेल्या आज्ञावलीचे. लक्षणे पुष्कळदा सारखीच दिसतात आणि तेथेच पैसे वाया जातात. पण दोहोंतला फरक ओळखायची एक बिनखर्चाची युक्ती आहे. संगणक चालू होताच 'डिलीट' किंवा 'एफ टू' ही कळ दाबत राहावे. कोणती ते पडद्यावर क्षणभर लिहून येते. मग एक साधा, बहुधा निळा पडदा उघडतो. त्याला बायॉस म्हणतात. ही आज्ञावली मदरबोर्डावरच्या एका चकतीत असते. विंडोजचा आणि हार्ड डिस्कचा तेथे संबंध नाही. तेथे काही न बदलता संगणक तसाच अर्धा तास ठेवावा. तेथेही तो बंद पडला, तर विंडोज निर्दोष आहे असे समजावे.

आमचा तिसऱ्या मिनिटाला बंद पडला. बंद पडण्याआधी त्याच पडद्यावर प्रोसेसरचे तापमान झरझर चढताना भाचीने दाखवले. नव्वद अंशांच्या पुढे गेले आणि सारे शांत झाले. संगणक बिघडून बंद पडत नव्हता. जळू नये म्हणून आपणहून बंद होत होता. त्याचा तो शहाणपणा आम्ही पाच-सहा वेळा बटन दाबून मोडून काढला होता.

खोका उघडला. प्लग काढून, भिंतीपासून वेगळा करून, अंगणात नेऊन उघडला, हे मुद्दाम सांगतो. प्रोसेसरच्या पंख्याखाली अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पात्यांची एक जाळी असते. हवा तिच्यातून खेळावी अशी योजना. आमच्या जाळीवर वाकळेच्या तुकड्यासारखा धुळीचा घट्ट थर बसला होता. पंखा फिरत होता. हवा मात्र आत जात नव्हती. रंगाच्या कोरड्या ब्रशने आणि हातपंपाने हवा मारून ती धूळ काढली. पंख्याच्या पात्याला बोट लावून धरावे, हवेच्या झोताने तो भरधाव फिरू देऊ नये. ओले फडके आत नेऊ नये. प्रोसेसर आणि जाळी यांच्यामध्ये जी पांढरी पेस्ट असते ती आमच्याकडे वाळून खडूसारखी झाली होती. ती पुसून हरभऱ्याएवढी नवी लावली. बाजारातल्या छोट्या ट्यूबला फारसे पैसे पडत नाहीत. मग पुन्हा बायॉस. एक तास झाला, तापमान पन्नासच्या आसपास स्थिर. मे महिन्यात जेथे पारा चाळिशी ओलांडतो तेथे हे काम वर्षातून एकदा, होळीच्या सुमारास करावे. दिवाळीची वाट पाहू नये.

वीज हा आमच्याकडचा दुसरा, आणि खरे म्हणजे मोठा शत्रू. बीड जिल्ह्याला विजेची नवलाई नाही. परळी वैजनाथच्या औष्णिक केंद्रात १९७१ पासून वीज तयार होऊ लागली. पण दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. भारनियमनाच्या काळात तासन्‌तास अंधारात बसण्याची पाळी याच जिल्ह्यावर आली, आणि २०१३ साली व पुन्हा २०१५ साली दुष्काळात पाणी नाही म्हणून खुद्द ते केंद्रच बंद ठेवावे लागले. वीज जाते याचे संगणकाला तितके दुःख नसते. ती जाता-येता झटके देते आणि मध्येच दबते, याचे असते. डिस्कवर काही लिहिले जात असताना वीज गेली तर ते लिखाण अर्धवट राहते, आणि असे चार वेळा झाले की मग 'विंडोज उडते'.

म्हणून घरोघर इन्व्हर्टर आले. पण 'इन्व्हर्टर आहे तरी संगणक बंद पडतो' ही तक्रार मी डझनभर घरांत ऐकली असेल. कारण सोपे आहे. वीज गेल्यावर बॅटरीवर येताना इन्व्हर्टरला एक क्षण लागतो. दिवा तेवढ्यात लुकलुकतो, पंख्याला कळतही नाही. संगणकाचा वीजपुरवठा मात्र सेकंदाच्या पन्नासाव्या भागापलीकडे फारसा दम धरत नाही. पुष्कळ इन्व्हर्टरांच्या मागे 'यू. पी. एस.' असे लिहिलेले एक लहानसे बटन असते. ते त्या बाजूला केले की हा बदल लवकर होतो. आमच्या शेजाऱ्यांनी तीन वर्षांत दोन दुरुस्तीवाले बदलले. दोष त्या बटनाचा होता. ज्यांच्या इन्व्हर्टरला ते नाही त्यांनी संगणकापुरता छोटा यू. पी. एस. घ्यावा, आणि त्यातली बॅटरी दोन-तीन वर्षांत थकते हे लक्षात ठेवावे. वीज जाताच यू. पी. एस. चीची करून लगेच मरत असेल तर दुखणे संगणकाचे नाही, त्या बॅटरीचे आहे.

खोक्याला हात लावला की मुंग्या आल्यासारखे वाटते, हीही एक नित्याची तक्रार. संगणकाला भूत लागलेले नसते. प्लगच्या तिसऱ्या, जाड पिनेला जी अर्थिंगची तार हवी ती घरात नाही, किंवा आहे पण जमिनीत कोरडी पडली आहे. आमच्या कोरड्या प्रदेशात उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा सुकतो. त्यात अधूनमधून पाणी घालावे लागते. तुळशीला घालताना एक तांब्या तिकडेही घातला तर बिघडत नाही. मुंग्या तशाच येत राहिल्या तर वायरमनला बोलवावे. मात्र एक डबा घरी कधीही उघडू नये : ज्यात विजेची तार जाते तो एस. एम. पी. एस.चा पत्र्याचा डबा. प्लग काढल्यावरही त्यात विजेचा साठा राहतो आणि तो प्राणघातक ठरू शकतो. तो बिघडला तर बदलायचा, दुरुस्त करायचा नाही.

पंखा फिरतो, दिवा लागतो, पण पडद्यावर काहीच नाही आणि आतून 'पीं पीं' आवाज येतो, असे झाले तर पुष्कळदा रॅमची पट्टी कारण असते. दमट हवेने आणि धुळीने तिच्या सोनेरी दातांवर मळ बसतो. आधी एखाद्या लोखंडी वस्तूला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवावी, पट्टी काढून ते दात शाळेच्या खोडरबराने हलके घासावेत, रबराचा भुगा झटकून पट्टी 'टक्' आवाज होईपर्यंत बसवावी. हा उपाय फार गावठी वाटतो, पण मोठमोठ्या दुकानांतही हेच करतात आणि बिल वेगळ्या नावाने देतात.

दुसरे एक मजेचे दुखणे घड्याळाचे. संगणक रोज सकाळी दहा-पंधरा वर्षांपूर्वीची तारीख दाखवतो, आणि बँकेची, रेल्वेची पाने उघडीनात म्हणून लोक इंटरनेटवाल्याशी भांडतात. मदरबोर्डावर रुपयाएवढा एक चपटा सेल असतो, 'सी. आर. २०३२' नावाचा, तीन व्होल्टचा. तो संपला की संगणक वीज बंद होताच काळवेळ विसरतो. आणि सुरक्षित पानांची ओळखपत्रे तारखेवरून तपासली जात असल्याने, २००९ सालात वावरणाऱ्या संगणकाला आजचे ओळखपत्र अजून सुरूच झालेले नाही असे वाटते. घड्याळाच्या दुकानात हा सेल मिळतो.

खोक्यात पाल, मुंग्या, झुरळे निघणे आमच्याकडे नवे नाही. लाज वाटणारांसाठी सांगतो की ९ सप्टेंबर १९४७ रोजी अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाच्या मार्क टू या खोलीएवढ्या गणकयंत्रात एक पतंग अडकून ते बिघडले होते. तेथल्या मंडळींनी तो पतंग चिकटपट्टीने नोंदवहीत चिकटवला. ती वही तिकडच्या संग्रहालयात जपून ठेवली आहे. दोषाला 'बग' म्हणण्याची रीत मात्र त्याच्याही आधीची.

तर आमचे शरीराचे दुखणे बरे झाले. डोके मात्र अजून फिरलेलेच होते. विंडोज येईना. दुरुस्तीवाला अगदीच चुकला नव्हता, हे कबूल केले पाहिजे. वारंवार मध्येच बंद पडल्याने आज्ञावलीला खरोखरच धक्का बसला होता. मी म्हटले, "आता कर दुरुस्त." भाची म्हणाली, "आधी आजोबांचं बाहेर काढू. दुरुस्ती करताना बिघडलं तर?"

हा क्रम मी आता कोणालाही उलटा करू देणार नाही. तिने हार्ड डिस्क काढली. दोन तारा आणि चार स्क्रू, एवढेच ते काम. एका जोडतारेने ती आपल्या लॅपटॉपला पेन ड्राइव्हसारखी जोडली. डिस्कमधून ठराविक वेळाने टकटक असा आवाज आला असता तर मात्र ती तेथेच थांबणार होती. तो आवाज म्हणजे डिस्कच्या आतले यंत्र मोडत आल्याची खूण, आणि अशी डिस्क जितकी चालवाल तितकी आतली माहिती जाते. ती मोठ्या शहरातल्या जाणकाराकडेच न्यावी. आमची डिस्क निमूट चालली. अण्णांचा फोल्डर दिसला. आई चष्मा लावून मागे येऊन उभी राहिली. फाइल उघडली, आणि पडद्यावर आले ते इंग्रजी अक्षरे, टिंबे, कंस आणि उद्गारचिन्हे यांचे कडबोळे.

"हे काय गं?" आई म्हणाली. कोणी बोलले नाही.

हे दुखणे खास आपल्या भाषेचे आहे. पूर्वी संगणकाला अक्षरे ठाऊक होती ती इंग्रजीच. पुण्याला १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅकने आणि काही खाजगी कंपन्यांनी मराठी अक्षरे आणली. पण जुन्या फॉन्टांत युक्ती अशी असे की इंग्रजी अक्षराच्या जागीच मराठी चित्र बसवायचे. संगणकाच्या लेखी ते इंग्रजीच, फक्त मुखवटा मराठी. प्रत्येक कंपनीचे मुखवटे वेगळे. तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर फाइल उघडली की मुखवटा गळतो. प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक देणारी युनिकोडची पद्धत १९९१ साली आली आणि विंडोज २००० पासून तिच्यात देवनागरीची सोय झाली. पण छापखाने, कचेऱ्या आणि टाइपरायटर शिकलेली अण्णांसारखी माणसे पुढे कितीतरी वर्षे जुन्याच फॉन्टांत लिहीत राहिली. पत्रिकांचे मजकूर, संस्थांची इतिवृत्ते, कथा-कविता असे आपले कितीतरी लिखाण आजही त्या कडबोळ्यात पडून आहे, आणि पुष्कळांनी ते 'खराब झाले' म्हणून पुसून टाकले आहे.

ते खराब झालेले नसते. भाचीने त्याच जुन्या डिस्कवर विंडोजच्या फोल्डरातला 'फॉन्ट्स' नावाचा कप्पा उघडला. अण्णांचा फॉन्ट तेथे होता. तो लॅपटॉपवर बसवला, फाइल पुन्हा उघडली, आणि कडबोळ्याचे मराठी झाले. आदल्या दिवशी मी 'मारा' म्हटले असते तर लिखाण आणि त्याची किल्ली ही दोन्ही एकाच क्षणी गेली असती.

मग तिने ते सारे युनिकोडमध्ये आणले. त्यासाठी तयार परिवर्तक मिळतात, पण तपासणे आपल्यालाच करावे लागते. टाइपरायटरच्या रीतीने पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टंकतात. युनिकोडात अक्षर आधी आणि वेलांटी मागून. त्यामुळे वेलांट्या शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतात, रफार भरकटतात. चार दिवस आई वाचून दाखवी आणि मी दुरुस्त करी. एक प्रत पेन ड्राइव्हवर, एक पुण्याला भावाकडे, आणि एक कागदावर छापून कपाटात ठेवली. त्यानंतर त्या संगणकाचा सी ड्राइव्ह आम्ही निर्धास्तपणे फॉरमॅट मारला. दुरुस्तीवाल्यालाच बोलावले होते. त्याला 'मी सांगत होतोच' म्हणण्याची संधी मिळाली.

डोक्याच्या दुखण्यांबद्दल आणखी थोडे. संगणक हळू झाला म्हणून लोक लगेच नवा घेतात. जुनी फिरती हार्ड डिस्क काढून एस. एस. डी. बसवली तर पुष्कळ यंत्रांना तरुणपण येते. खर्च नव्याच्या मानाने फार थोडा. झेरॉक्सच्या दुकानातून आलेल्या पेन ड्राइव्हवरचे फोल्डर नाहीसे होऊन तेथे शॉर्टकट दिसू लागले तर फाइली बहुधा गेलेल्या नसतात, व्हायरसने लपवलेल्या असतात. तो शॉर्टकट उघडू नये, आधी व्हायरस शोधणारी आज्ञावली चालवावी. पडद्यावर भोंगा वाजवीत 'तुमच्या संगणकात व्हायरस आहे, या नंबरवर फोन करा' असे आले तर तो नंबर भामट्यांचा असतो. वीज बंद करावी, फोन करू नये. पैसे गेलेच तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब तक्रार करावी. विंडोज टेनला सर्वांना मिळणारा मोफत पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. अशा जुन्या यंत्रावर निदान बँकेचे व्यवहार तरी करू नयेत.

अण्णांच्या आठवणी भाऊबीजेला सर्वांनी मिळून वाचल्या. एका पानावर, आपल्या शाळेची फी सांगताना, आकड्याच्या जागी एक कोरा चौकोन राहिला आहे. जुन्या फॉन्टातले ते चिन्ह परिवर्तकाला ओळखता आले नाही, आणि मूळ फाइलीतही तेथे काही कळत नाही. आई म्हणते चार आणे असावेत. धाकटे काका म्हणतात, हालीत का कलदारात?